दप्तर हलतें, हक्क मागें राहतात

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग शहरांतील बहुतेक कुटुंबांवर केव्हां ना केव्हां येतोच. सामान बांधलें जातें, टेंपोंतून नव्या जागीं पोहोंचतें, आणि रात्र पडण्यापूर्वीं शेगडीहि पेटते. तरीहि बिऱ्हाड पुरतेपणीं हललें असें कोणी म्हणत नाहीं. शिधापत्रिकेवर पत्ता जुनाच असतो, गॅसची टाकी जुन्या दारीं जाऊन परत फिरते, आणि बँकेचें पत्र जुन्या शेजाऱ्याच्या हातीं पडतें. सामान हलविणें हें हमालाचें काम आहे आणि नोंदी हलविणें हें कारकुनाचें. दुसरें काम राहून गेलें तर पहिल्याचा उपयोग अर्धामुर्धाच होतो.

कचेरींतील संगणकांवरचें दप्तर एका डोमेनमधून दुसऱ्या डोमेनमध्यें नेतांना हा भेद फार ठळकपणें दिसून येतो. फायली हलतात, फोल्डर हलतात, एकहि कागद वाटेंत हरवत नाहीं. आणि तरीहि सोमवारीं सकाळीं कामावर आलेल्या माणसास स्वतःच्याच कागदांवर आपली सत्ता उरलेली नाहीं असें आढळतें. हें कां घडतें, तें टाळतां कसें येतें, आणि तें निस्तरण्याच्या घाईंत त्याहून मोठी कोणती चूक होते, याचा विचार प्रस्तुत भाषणांत केला आहे.

प्रथम डोमेन म्हणजे काय तें पाहणें अवश्य आहे. घरच्या संगणकावर पासवर्ड तोच संगणक विचारतो व तोच तपासतो. परंतु कचेरींत शंभर संगणक असले, तर शंभर ठिकाणीं माणसांची यादी ठेवणें अशक्यप्राय होतें. म्हणून सर्व माणसांची, सर्व यंत्रांची व सर्व गटांची एकच नोंदवही एका विश्वासू सर्व्हरवर ठेवतात. ही नोंदवही जेथवर मानली जाते तेवढ्या मुलुखास डोमेन म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९३ सालीं बाजारांत आणलेल्या विंडोज एन्‌टी या प्रणालींत ही व्यवस्था होती. पुढें १७ फेब्रुवारी २००० रोजीं विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी नांवाची अधिक व्यापक नोंदवही आली, आणि जगांतील असंख्य कचेऱ्या आजहि तिच्यावरच चालतात.

मुलूख बदलण्याचे प्रसंग अनेक असतात. १ एप्रिल २०२० रोजीं भारतांतील सार्वजनिक क्षेत्रांतील दहा बँकांच्या चार बँका झाल्या, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. ग्राहकास अशा वेळीं नवी पाटी व नवें पासबुक एवढेंच दिसतें. परंतु कोणत्याहि दोन मोठ्या संस्था एकत्र आल्या म्हणजे माणसांच्या दोन नोंदवह्यांची एक नोंदवही करण्याचा प्रश्न पडद्यामागें उभा राहतोच. कधीं कंपनीचा एखादा विभाग विकला जातो आणि त्यांतील माणसें दुसऱ्या छत्राखालीं जातात. कधीं जुन्या डोमेनची रचना वर्षानुवर्षांच्या ठिगळांनीं इतकी गुंतागुंतीची होते कीं नवें डोमेन उभारणेंच सोयीचें ठरतें.

आतां मुख्य मुद्दा. माणूस माणसास नांवानें ओळखतो. डोमेन माणसास क्रमांकानें ओळखतें. खातें उघडतांच त्यास एक सुरक्षा-क्रमांक दिला जातो. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तंत्रज्ञ त्यास 'सिड' असें म्हणतात. त्याचा आरंभ एस-१-५-२१ असा होतो. त्यापुढें येणाऱ्या तीन लांबलचक संख्या डोमेनची ओळख सांगतात, आणि अखेरची संख्या त्या डोमेनमधील खात्याची असते. मूळ व्यवस्थापकाच्या खात्याची अखेरची संख्या प्रत्येक डोमेनमध्यें ५०० असते, आणि नव्यानें उघडलेल्या खात्यांस १००० पासून पुढच्या संख्या मिळतात. एकदां दिलेली संख्या त्या डोमेनमध्यें पुन्हां दुसऱ्या कोणास देत नाहींत. लग्नानंतर एखाद्या बाईंनीं नांव बदललें, तर खात्याचें नांव बदलतें पण क्रमांक तोच राहतो, व त्यांचे सर्व हक्क अबाधित राहतात. उलट, एखाद्याचें खातें चुकून खोडलें गेलें व त्याच नांवानें दुसरें खातें उघडलें, तर यंत्राच्या दृष्टीनें तो परका माणूस होय.

हे हक्क लिहिलेले कोठें असतात, हेंहि समजून घेतलें पाहिजे. ते माणसाच्या नोंदींत नसतात. ते फाईल अथवा फोल्डर यांच्या अंगावरच लिहिलेले असतात. प्रत्येक फोल्डरला एक परवानगीयादी जोडलेली असते: अमुक क्रमांकास वाचण्याची मुभा, अमुक क्रमांकास लिहिण्याची, अमुक क्रमांकास मज्जाव. ही कल्पना नवीन नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनीं मिळून हातीं घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीच्या आराखड्यांत डेली व न्यूमन यांनीं १९६५ सालींच अशा यादीचें वर्णन केलें होतें. सकाळीं माणूस पासवर्ड देऊन आंत येतो तेव्हां डोमेनच्या साक्षीनें त्याच्यासाठीं जणूं एक पास लिहिला जातो. त्या पासावर त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि ज्या ज्या गटांत तो आहे त्या गटांचे क्रमांक असतात. फोल्डरच्या दारीं पासावरील क्रमांक व यादींतील क्रमांक ताडून पाहतात, आणि जुळले तर दार उघडतें. नांव कोणी विचारीत नाहीं. पास आंत येतांनाच लिहिला जात असल्यामुळें, दुपारीं एखाद्यास नव्या गटांत घातलें तरी तो बाहेर पडून पुन्हां आंत येईपर्यंत त्याचा लाभ त्यास होत नाहीं.

स्थलांतराचा सारा पेंच या रचनेंतच आहे. नव्या डोमेनमध्यें त्याच माणसांचीं त्याच नांवांनीं खातीं उघडलीं, तरी प्रत्येकाचा क्रमांक नवा असतो, कारण डोमेनची ओळख सांगणाऱ्या तीन संख्याच बदललेल्या असतात. फायली याद्यांसह जशाच्या तशा नव्या सर्व्हरवर आणल्या, तर त्यांच्या अंगावर जुनेच क्रमांक असतात. जुनें डोमेन बंद झाल्यावर त्या क्रमांकांचा अर्थ सांगणारें कोणी उरत नाहीं. यादी उघडून पाहिली तर नांवांच्या जागीं नुसत्या संख्यांच्या लांब ओळी दिसतात. गांवाकडील जमिनीच्या व्यवहाराशीं ज्यांचा संबंध आला असेल त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. जमीन विकत घेतली तरी तलाठ्याच्या फेरफार नोंदवहींत नोंद होऊन ती सातबाऱ्यावर चढेपर्यंत कागदोपत्रीं जुनाच मालक दिसत राहतो. संगणकाच्या स्थलांतरांत मालक तोच राहतो. परंतु यंत्राच्या सातबाऱ्यावर त्याचें पूर्वजन्मींचें नांव राहून जातें.

युनिक्स व लिनक्स या प्रणालींत हाच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. तेथें माणसाचा क्रमांक लहानसा असतो आणि त्यांत डोमेनची खूण नसते. त्यामुळें जुन्या यंत्रावरील १००५ क्रमांकाच्या माणसाच्या फायली तशाच नव्या यंत्रावर नेल्या, आणि तेथें १००५ हा क्रमांक दुसऱ्या कोणाचा असला, तर त्या फायली त्या भलत्याच माणसाच्या मालकीच्या होऊन बसतात. विंडोजमध्यें हक्क अनाथ होतात. येथें ते परक्याच्या घरीं दत्तक जातात.

यावर मुख्यतः दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे जुना क्रमांक नव्या खात्याच्या पदरीं बांधणें. ॲक्टिव्ह डिरेक्टरींत प्रत्येक खात्याच्या नोंदींत पूर्वींच्या क्रमांकांसाठीं एक रकाना ठेवलेला आहे. खातें हलवितांना जुना क्रमांक तेथें लिहिला, म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या पासावर नवा व जुना असे दोन्ही क्रमांक येतात, आणि फोल्डरांवरील जुन्या याद्या तशाच चालूं राहतात. मायक्रोसॉफ्टनें अशा स्थलांतरासाठीं तयार केलेलें साधन ही नोंद आपण होऊन करूं शकतें. सोय मोठी आहे, आणि म्हणूनच धोकाहि मोठा आहे. ज्या रकान्यांत स्वतःचा जुना क्रमांक लिहितां येतो, त्यांत दुष्ट बुद्धीच्या व्यवस्थापकास शेजारच्या डोमेनमधील सर्वाधिकाऱ्याचा क्रमांकहि लिहितां येईल. हें ध्यानांत आल्यावर जानेवारी २००२ मध्यें मायक्रोसॉफ्टनें सूचनापत्रक काढलें व एक गाळणी उपलब्ध करून दिली. दोन डोमेनांमध्यें परस्परविश्वासाची जी वाट असते तिच्यावर ही गाळणी बसते, आणि पासावरील परक्या मुलुखाचे क्रमांक खोडून टाकते. स्थलांतराच्या काळांत ती जाणूनबुजून सैल करावी लागते, आणि काम संपल्यावर पुन्हां घट्ट करावी लागते. यांतील पहिली गोष्ट कोणी विसरत नाहीं, कारण तिच्यावांचून काम अडतें. दुसरी गोष्ट मात्र विसरली जाते, कारण तिच्यावांचून कोणाचेंच काम अडत नाहीं.

दुसरा उपाय कष्टाचा पण टिकाऊ आहे. त्यांत परवानगीयाद्याच नव्यानें लिहितात. एका बाजूस जुना क्रमांक व दुसऱ्या बाजूस नवा, असें कोष्टक तयार करून तें साधनाच्या हवालीं केलें, कीं साधन एकेका फोल्डरवरून फिरून याद्या दुरुस्त करीत जातें. येथें अनुभवी तंत्रज्ञ एक पथ्य पाळतात. जुना क्रमांक पुसण्यापूर्वीं ते नवा क्रमांक त्याच्या शेजारीं जोडून घेतात व कांहीं दिवस दोन्ही राहूं देतात. सर्वांचें काम सुरळीत चालल्याची खात्री झाली, म्हणजे मग जुने क्रमांक पुसतात, व खात्यांतील तो पूर्वक्रमांकांचा रकानाहि रिकामा करतात. हलविण्याचा क्रमहि ठरलेला असतो: आधीं गट, मग माणसें, मग यंत्रें. माणूस पुढें गेला व त्याचा गट मागें राहिला, तर नव्या पासावर गटाचा क्रमांक येत नाहीं. आणि सुव्यवस्थित कचेरींत बहुतेक हक्क गटांनाच दिलेले असतात. हिशेब विभागाच्या गटास मुभा असली, कीं विभागांत माणूस आला अथवा गेला तरी फोल्डरची यादी बदलावी लागत नाहीं. गटांतील नांव बदललें कीं पुरतें.

प्रत्यक्ष फायली नेण्याचें कामहि दिसतें तितकें निरुपद्रवी नाहीं. फाईल नेहमींच्या रीतीनें दुसऱ्या यंत्रावर नकलली, तर ती आपली यादी मागें टाकते आणि ज्या फोल्डरमध्यें उतरते त्याची यादी अंगीकारते. घरच्या छायाचित्रांना हें चालतें. वेतनपत्रकास चालत नाहीं. याद्यांसह नक्कल करण्यासाठीं रोबोकॉपी नांवाचें साधन आहे, व विंडोज व्हिस्टापासून तें प्रणालीबरोबरच मिळतें. मालकी व परवानगी यांसकट नक्कल करण्याची आज्ञा त्यास देतां येते. पहिली फेरी झाल्यावर पुढच्या फेरींत तें केवळ नव्या व बदललेल्या फायलीच नेतें; त्यामुळें मोठी फेरी आठवडाभर आधीं, आणि अखेरची लहान फेरी स्थलांतराच्या रात्रीं, अशी विभागणी करतां येते. मात्र त्याच साधनांत आरशाप्रमाणें हुबेहूब प्रतिबिंब करण्याचीहि एक आज्ञा आहे. मूळांत जें नाहीं तें नकलेंतून पुसून टाकणें हा तिचा धर्म होय. घाईंत मूळ व नक्कल यांच्या जागा उलट लिहिल्या आणि नवें फोल्डर रिकामें असलें, तर जुनें भरलेलें फोल्डरहि त्याच्यासारखेंच रिकामें होतें. स्वतंत्र राखीव प्रत हातीं असल्यावांचून ही आज्ञा कोणीं देऊं नये.

आणखी एक खांचखळगा सांगण्याजोगा आहे. सर्वांच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या फोल्डरला वस्तुतः दोन दारें असतात: नेटवर्कवरून येणाऱ्यासाठीं एक बाहेरचें, आणि परवानगीयादीचें आंतलें. दोहोंपैकीं जें अधिक कडक, तेंच लागू होतें. बाहेरच्या दाराची नोंद सर्व्हरपाशीं असते, ती फोल्डरबरोबर नकलली जात नाहीं. म्हणून नव्या सर्व्हरवर तें दार नव्यानें बसवावें लागतें. तसेंच, जुन्या सर्व्हरनें केवळ आपल्यापुरते बनविलेले गट नव्या सर्व्हरला अगदीं अपरिचित असतात, व त्यांना दिलेले हक्क तेथें निरर्थक ठरतात.

माणसाच्या मेजावरील संगणकावरहि असाच प्रकार घडतो. नव्या खात्यानें आंत शिरतांच पडदा कोरा दिसतो, मांडून ठेवलेल्या फायली दिसत नाहींत, वर्षानुवर्षें बसविलेली घडी विसकटलेली असते; सर्व कांहीं पुसलें गेलें असें वाटून माणूस घाबरतो. वस्तुतः कांहींच गेलेलें नसतें. कोणत्या क्रमांकाचें सामान कोणत्या फोल्डरमध्यें आहे याची एक यादी यंत्र ठेवीत असतें, आणि नवा क्रमांक तींत न आढळल्यामुळें तें नवें रिकामें फोल्डर उघडून देतें. जुन्या फोल्डरवर व त्यांतील आवडीनिवडींच्या नोंदींवर नव्या क्रमांकास हक्क देऊन ती यादी दुरुस्त केली, कीं सामान जागच्या जागीं दिसूं लागतें. एका बाबतींत मात्र खरोखरच घात होऊं शकतो. विंडोज २००० पासून फाईल गुप्तलिपींत ठेवण्याची सोय आहे. अशा फाईलची किल्ली माणसाच्या जुन्या खात्याशीं व पासवर्डाशीं बांधलेली असते. यादींत हक्क मिळाला तरी त्या किल्लीवांचून फाईल वाचतां येत नाहीं. जुनें खातें चालूं आहे तोंवरच अशा फायली साध्या रूपांत आणून ठेवणें, किंवा किल्लीची प्रत काढून ठेवणें अवश्य आहे. तसें केलें नाहीं, आणि संस्थेनेंहि आपली राखीव किल्ली ठेवलेली नसली, तर ते कागद कायमचेच बंद होतात.

येथवर झाला तो कौशल्याचा भाग. यापुढचा प्रश्न जबाबदारीचा आहे. सोमवारीं सकाळीं पन्नास माणसांच्या तक्रारी एकदम येतात. तंत्रज्ञ दोन रात्री जागलेला असतो, आणि वरिष्ठ त्याच्या खुर्चीमागें उभे असतात. अशा वेळीं एक सोपी पळवाट समोर दिसते. विभागाच्या मुख्य फोल्डरवर 'सर्वांना संपूर्ण अधिकार' अशी एकच ओळ लिहिली, कीं बहुतेक तक्रारी थोड्याच वेळांत थांबतात. पुढें सावकाश नीट करूं असें ठरतें, आणि ती सवड बहुधा येतच नाहीं. बंद दारापुढें उभा राहिलेला माणूस आरडाओरड करतो. भलत्यासाठीं उघडें राहिलेलें दार कधीं ओरडत नाहीं. ज्यास वेतनपत्रक दिसूं नये त्यास तें दिसूं लागलें, तर तो तक्रार घेऊन येत नाहीं. म्हणून तक्रारी थांबल्या यावरून काम नीट झालें असें अनुमान काढणें ही या व्यवसायांतील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

त्या फोल्डरांत काय असतें याचा विचार केला म्हणजे या चुकीचें गांभीर्य कळतें. रुग्णालयांत तें एखाद्याचें रोगनिदान असतें, शाळेंत फीमाफीचा अर्ज असतो, बँकेंत थकलेल्या कर्जाचा तपशील असतो, आणि कचेरींत एखाद्या स्त्रीनें विश्वासानें दिलेला छळाचा तक्रारअर्ज असतो. ज्यांचे हे कागद, त्यांतील बहुतेकांना स्थलांतर झाल्याचें कळतहि नाहीं. अंकीय रूपांतील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीं भारताच्या संसदेनें २०२३ सालीं जो कायदा संमत केला, त्यानें अशी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर तिच्या वाजवी सुरक्षिततेची जबाबदारी घातली आहे. परंतु कायद्याचा हात पोहोंचतो तो बहुधा बोभाटा झाल्यावर. आणि एकदां वाचला गेलेला कागद न वाचलेला करतां येत नाहीं.

यास्तव शहाण्या संस्था स्थलांतराचा आरंभ यंत्रापासून करीत नाहींत. कोणत्या फोल्डरवर कोणाचा हक्क आहे याचे तक्ते त्या आधीं काढतात व विभागप्रमुखांपुढें ठेवतात. तक्त्यांत मग तीन वर्षांपूर्वीं बदली झालेला अधिकारी सांपडतो, सेवानिवृत्त झालेले गृहस्थ सांपडतात, आणि एका उन्हाळ्यापुरता आलेला मदतनीसहि सांपडतो. सर्वांचे हक्क शाबूत. ते पुढें न्यावयाचे कीं येथेंच सोडावयाचे, हा निर्णय तंत्रज्ञाचा नव्हे. दार बसविणें हें सुताराचें काम; कोणास आंत घ्यावें हें घरधन्यानें सांगावयाचें असतें. हलविल्यानंतरची परीक्षाहि दुहेरी असावी लागते. हिशेब विभागांतील माणसास हिशेब उघडतां येतात कीं नाहीं हें पाहिल्यावर, टपाल विभागांतील माणसास ते उघडतां येत नाहींत हेंहि त्याच्या खात्यानें आंत शिरून पाहावें. जुनीं खातीं लगेच खोडूं नयेत, केवळ बंद करून ठेवावीं. खोडलेल्या खात्याचा क्रमांक नव्या खात्यास पुन्हां मिळत नाहीं, बंद केलेलें खातें मात्र गरज पडल्यास उघडतां येतें. जुना सर्व्हरहि कांहीं आठवडे वाचण्यापुरता चालूं ठेवावा, म्हणजे नजरचुकीनें राहिलेला कागद मिळण्यास वाट राहते.

हा विषय तंत्रज्ञांचा आहे असें म्हणून सामान्य गृहस्थानें बाजूस सारणें योग्य नव्हे. सहकारी बँकेचा सभासद, शाळेंतील मुलाचा पालक, गृहनिर्माण संस्थेचा रहिवासी अशा अनेक नात्यांनीं त्याचे कागद दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात. नवी प्रणाली आली असें वार्षिक सभेंत सांगितलें जातें तेव्हां, सर्व कागद सुरक्षित पोहोंचले काय, एवढेंच विचारून त्यानें खालीं बसूं नये. ते आतां कोणाकोणास दिसतात, आणि हें कोणीं व केव्हां तपासलें, हेंहि विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर यंत्र मोजदाद करून देऊं शकतें. दुसऱ्याचें उत्तर कोणा तरी माणसासच स्वतःचें नांव घालून द्यावें लागतें.